एक काना

मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, मिल्का झिराडकर यांना सगळे ओळखत, पण ते स्वयंपाकघरातल्या बाई म्हणून. शनिवारची प्रार्थना संपली की आदल्या दिवशी शिजवलेलं जेवण मांडायचं, पाऊणशे माणसांना वेलची घातलेला चहा द्यायचा, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. त्याच वेळी शेजारच्या खोलीत अभ्यासवर्ग भरे. तोराहचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा भाग घेऊन दहा-बारा जण तासभर वाद घालत. मिल्काकाकू त्या खोलीत चहा द्यायला जात आणि परत येत. त्यांना कोणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं असं नाही. त्याच म्हणत, "मला काय कळतंय त्यातलं?"

मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी नागपूरची, नाव सावनी. मिनियापोलिसला स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते. एकदा इंडियन ग्रोसरीत फोनवर आईशी तावातावाने बोलत होते, तर मागून आवाज आला, "आईशी असं बोलतात का गं?" वळून पाहिलं, तर आखूड कापलेले पांढरे केस, गुडघ्यापर्यंतचा पार्का, म्हणजे थंडीचा जाड कोट, आणि हातात जाड पोह्यांची पिशवी घेतलेली एक ठेंगणी बाई. फोन ठेवून मी विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या?"

"अलिबागकडच्या. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू."

"ज्यू? आणि मराठी बोलता?"

"दोन हजार वर्षं कोकणात काढली म्हणतात आमच्या लोकांनी. मराठी नाही बोलणार तर काय बोलणार?"

महिन्याभरात मी त्यांच्याकडे राहायला आले. काकू तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. पंचवीस वर्षांच्या असताना त्या लग्न होऊन इथे आल्या, आडनाव माहेरचंच ठेवलं, एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं नोकरी केली. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा टेक्सासमधल्या शुगर लँडला एका ऑइल कंपनीत. तो रविवारी फोन करी आणि इंग्रजीत विचारी, "मॉम, ड्राइव्ह-वेवरचा स्नो कोण काढतं?" काकू मराठीत सांगत, "मीच काढते, अजून मेले नाही."

फेब्रुवारीतला एक शनिवार होता. काकू दुपारी घरी आल्या, पार्काही न काढता जेवणाच्या टेबलापाशी बसल्या आणि त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाच."

अभ्यासवर्गात वाटलेला तो इंग्रजी कागद होता. रब्बी ताली या तरुण धर्मगुरू बाईंनी त्या आठवड्यासाठी तो निवडला होता. विषय होता मान्ना. इस्राएली लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटले आणि चाळीस वर्षं वाळवंटात भटकले, तेव्हा देवाने त्यांच्यासाठी आकाशातून जे अन्न पाडलं, ते मान्ना. खाली कोकणातल्या एका मराठी भाष्याच्या इंग्रजी भाषांतराचा उतारा होता. ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय की लोक हे मान्ना गोळा करत, जात्यावर दळत, उखळीत कांडत आणि मग त्याच्या पोळ्या करत. त्यावर भाष्यकार म्हणतो: ‘मी म्हणतो, अन्न आकाशातून आले, तरी दळणकांडण चुकले नाही. देवाने पीठच का पाडले नाही?’

मला हसू आलं. "मस्तच आहे की. कोणी लिहिलंय?"

"खाली बघ."

खाली नाव होतं: शालोम झिराडकर, शाळामास्तर, १९३८.

"माझे वडील," काकू म्हणाल्या. "वर्गात मी चहाचा ट्रे घेऊन गेले, तेव्हा ताली मोठ्याने वाचत होती. मला म्हणाली, आडनाव तुमचंच आहे, कोणी नात्यातले का? मी म्हटलं, बाप माझा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की हे त्यांचं नाही, आत्याचं आहे."

"मग?"

"मार्टी म्हणून एक रिटायर्ड वकील आहे. फार चांगला माणूस. तो म्हणाला, प्रत्येक घरात अशी एक गोष्ट असतेच. सगळे हसले. मीपण हसले." त्यांनी कागद परत घेतला. "पण सावनी, माझ्या बापाने जन्मात कधी मुसळ हातात धरलं नाही. त्याला हा प्रश्न पडेलच कसा?"

मग त्यांनी मला आत्याबद्दल सांगितलं. लेयाबाई पेणकर. वडिलांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि कायमच्या भावाच्या घरी आल्या. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. धाकटा भाऊ हिब्रू शिकायला बसे तेव्हा शेजारी तांदूळ निवडत बसून त्यांनी अक्षरं उचलली. काकू बारा वर्षांच्या असताना त्या गेल्या.

"हळद कांडताना हे वाक्य ती मला म्हणाली होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. म्हणाली, बघ गं, मान्नासुद्धा कांडावंच लागलं. मला वाटायचं, ती गंमत करते."

"पण काकू, तुमच्या आत्यांनी भावाच्या पुस्तकातलं वाक्य तुम्हाला सांगितलं असेल," मी म्हटलं. आकड्यांची सवय. पुरावा दोन्हीकडे बसतो का, हे आधी बघायचं.

काकू रागावल्या नाहीत. "बरोबर. म्हणूनच मूळ कागद बघायचे."

मूळ कागद कुठे आहेत हे इंग्रजी उताऱ्याच्या तळटीपेतच होतं. वडील वारल्यावर काकूंचा मोठा भाऊ बेंजामिन इस्राएलला स्थायिक झाला. जाताना घरातल्या धार्मिक कागदांची पेटी त्याने गावात आलेल्या एका अमेरिकन संशोधकाला दिली होती. ती आता पूर्व किनाऱ्यावरच्या एका ग्रंथालयात होती. त्यात १९३८ची छापील पुस्तिका होती आणि तीन हस्तलिखित वह्या. मी ईमेल केला. पाच आठवड्यांनी वह्यांचे स्कॅन आले.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. काकू खुर्ची ओढून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या. पडद्यावर पिवळट पान आलं. टाकाने लिहिलेलं बाळबोध अक्षर, ओळी एकमेकींना चिकटलेल्या.

"आत्याचंच अक्षर," काकू लगेच म्हणाल्या. "वाण्याची यादी हीच लिहायची. ‘ळ’ बघ कसा काढते, वेणीसारखा."

"पण अक्षर तिचं असलं म्हणजे मजकूर तिचा असं नाही ना. वडिलांनी सांगितलं, तिने उतरवून घेतलं, असंही असेल."

"असेल. पुढे चल."

मान्नाचं पान अकरावं निघालं. मी मोठ्याने वाचू लागले. जुन्या पद्धतीचं, अनुस्वार दिलेलं लेखन. ‘मी म्हणतों, अन्न आकाशांतून आलें...’

"थांब," काकू म्हणाल्या. "ते मोठं कर."

मी ‘म्हणतों’ हा शब्द पडदाभर मोठा केला. बाकीचा शब्द काळ्या शाईत होता. ‘तों’ मधला काना, ती उभी रेघ, जांभळ्या शाईत होती. ती पुढच्या शब्दाला जवळजवळ टेकली होती, कारण तिच्यासाठी जागा सोडलेलीच नव्हती. रेघ झाकली की खाली काय उरतं, हे कोणत्याही मराठी माणसाला कळेल. ‘म्हणतें’.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

मग आम्ही जेवण विसरून पानं उलटत राहिलो. ‘मी विचारतें’ला काना लावून ‘विचारतों’. ‘मी समजतें’ला काना लावून ‘समजतों’. पहिल्या वहीत असे एकेचाळीस काने निघाले. मी आपली कागदावर खुणा करत होते. इंग्रजीत या सगळ्याचं भाषांतर एकच होतं. तिथे बाई बोलली काय आणि पुरुष बोलला काय, क्रियापद हलत नाही.

दुसऱ्या वहीत जांभळी शाई नव्हतीच. आम्ही बुचकळ्यात पडलो. अक्षर आत्याचंच, पण ‘म्हणतों’, ‘विचारतों’ असं सगळं सुरुवातीपासून काळ्या शाईत, सलग.

"म्हणजे इथून पुढे ती स्वतःच पुरुषासारखं लिहायला लागली," काकू हळूच म्हणाल्या. "तिला कळलं होतं, कुणाच्या नावावर छापणार ते."

"किंवा ही वही खरंच वडिलांची असेल, यार... सॉरी, काकू."

"सॉरी काय? शंका घे. मी लॅबमध्ये प्रत्येक सँपल दोनदा तपासायचे."

पुस्तिकेचं भाषांतर केलेले प्रोफेसर एलन यांना मी चार पानांचे फोटो पाठवले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. साठीचे, दाढीवाले गृहस्थ. तरुणपणी पुण्यात राहून मराठी शिकलेले. कॉल लागल्या लागल्या म्हणाले, "नमस्कार, मिल्काबाई. मी चुकलो. मी फक्त छापील पुस्तिका वाचली. वह्या वाचायला कठीण, म्हणून उघडल्या नाहीत." मग इंग्रजीत त्यांनी अडचण सांगितली. भाऊ सांगत असेल आणि बहीण लिहीत असेल, तर सवयीने तिच्या हातून ‘म्हणतें’ पडू शकतं. नंतर भावाने ते दुरुस्त केलं असेल.

काकूंनी मान हलवली. "एकेचाळीस वेळा?"

"शक्यता कमी आहे. पण विरोधक हेच म्हणतील. आणखी काहीतरी हवं."

ते ‘आणखी काहीतरी’ तिसऱ्या वहीत होतं. एका पानाच्या समासात जांभळ्या शाईत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या: ‘बाय, हें समजलें नाहीं. पुन्हां सांग.’ आणि त्याखाली काळ्या शाईत, वेणीसारखा ‘ळ’ काढणाऱ्या हाताने सात ओळींत समजावून दिलं होतं.

"बाय म्हणजे मोठी बहीण," मी उगीचच म्हटलं. काकूंना ते माहीत नव्हतं थोडंच.

त्या उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, त्यांना आनंद झाला असेल. त्या वळल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"तिच्याकडून शिकत होते बाबा. गावात सगळे त्यांना पंडित म्हणायचे. मीपण म्हणायचे. पुस्तकात एक ओळ लिहायला जागा नव्हती का, की हे माझ्या बहिणीचं आहे?"

इस्राएलमधल्या अश्दोदला बेंजामिनमामांना (मी त्यांना मामा म्हणायला लागले होते) काकूंनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. स्पीकरवरून मामांचा आवाज खणखणीत येत होता.

"मिल्का, बाबांनी चोरी केली असं म्हणायचंय तुला? सत्तावन्न वर्षं झाली त्यांना जाऊन. आता त्यांचं नाव खराब करून काय मिळणार?"

"मला चोरी म्हणायचं नाही. काय झालं ते बघायचंय."

"त्या काळात बाईच्या नावाने धर्माचं पुस्तक कोणी हातात घेतलं नसतं. बाबांनी छापलं म्हणून टिकलं तरी."

"हेही खरं असेल, बेनी. पण मग तिने स्वतःहून नाव दिलं की त्यांनी घेतलं, हे तुला माहितीय का? मला नाही माहीत. तू मोठा आहेस. तुला आठवतं का काही?"

मामांनी फोन ठेवून दिला.

जूनमध्ये एलननी नव्या आवृत्तीचा मसुदा पाठवला. लेखिका म्हणून लेयाबाई पेणकर यांचं नाव आलं होतं. प्रस्तावनेत मात्र लिहिलं होतं की भावाने बहिणीचं श्रेय बळकावलं. काकूंनी लाल पेनने ते वाक्य खोडलं आणि मला लिहायला सांगितलं: ‘पुस्तिका भावाच्या नावाने छापली गेली. ते कोणाच्या इच्छेने झाले, हे आपल्याला ठाऊक नाही. भाऊ बहिणीजवळ शिकत होता, हे ठाऊक आहे.’

"तुमचा राग गेला?" मी विचारलं.

"नाही गेला. पण रागावर प्रस्तावना लिहीत नाहीत."

रब्बी तालींना हे सगळं कळत होतंच. जुलैतल्या एका शनिवारी वर्ग काकूंनी घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. काकू आधी नको म्हणाल्या, मग त्यांनी विचारलं, त्या आठवड्याला भाग कोणता आहे. तो सलाफहादच्या मुलींचा होता. काकूंनी तिथल्या तिथे होकार दिला.

या पाच बहिणींची गोष्ट मला काकूंनीच सांगितली. सलाफहादला मुलगा नव्हता. तो वारल्यावर त्याच्या पाच मुली इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बापाचा वाटा आम्हाला द्या. मोशेने देवाला विचारलं, आणि देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे. त्यांची नावं महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा.

"मिल्का!" मी म्हटलं.

"नाव आत्यानेच ठेवलं. आईला रिबेका हवं होतं."

दुसऱ्या वहीत या बहिणींवर तीन पानं होती. आणि सबंध वहीभर ‘विचारतों’ लिहिणाऱ्या लेयाबाईंच्या हातून त्यातल्या एका ओळीत, फक्त एकाच ओळीत, ‘विचारतें’ पडलं होतं. कोणी दुरुस्तही केलं नव्हतं. त्यामुळे माझी उरलीसुरली शंका संपली.

त्या शनिवारी मीही गेले. वर्गात अठरा माणसं होती. काकूंनी निळा पंजाबी ड्रेस घातला होता. त्यांनी सांगितलं, की या बहिणींची नावं त्याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात, त्यांच्या लग्नाच्या वेळी, पुन्हा येतात, पण वेगळ्या क्रमाने. तिथे तिर्सा दुसरी आणि नोआ शेवटची. लेयाबाईंनी लिहिलं होतं: ‘घरांत हाक मारतांना आई वेगळ्या क्रमानें नांवें घेते आणि लग्नाची गोष्ट निघाली म्हणजे वेगळ्या. तेव्हां थोरली आधीं. दुसरा क्रम वयाचा असावा.’

रब्बी ताली उठल्या, कपाटातून एक जाडजूड हिब्रू ग्रंथ काढला आणि पान शोधून म्हणाल्या, "मध्ययुगातल्या भाष्यकारांनी नेमकं हेच म्हटलंय. लग्नाच्या वेळचा क्रम वयाचा. यांनी हे वाचलं होतं?"

"तिच्याकडे ही पुस्तकं नव्हती. असती तरी भाषा येत नव्हती. मराठी बायबल होतं, आणि घरात चार बहिणी होत्या."

कोणी हसलं नाही. काकू पुढे म्हणाल्या, "दुसऱ्यांदा काय होतं बघा. कुळातले पुरुष येतात आणि मोशेला म्हणतात, या मुली दुसऱ्या कुळात गेल्या तर आमची जमीन जाईल. ठरतं, की त्यांनी आपल्याच कुळात लग्न करावं. आत्या लिहिते: पहिल्या वेळीं त्या स्वतः बोलल्या. दुसऱ्या वेळीं सगळे त्यांच्याविषयीं बोलले. मी विचारतें, त्यांना कोणी विचारलें काय?"

मार्टी पुढे वाकून म्हणाला, "आणि तिचं उत्तर काय?"

"दिलेलं नाही. अर्धं पान कोरं सोडलंय."

मग जो वाद सुरू झाला तो पाऊण तास चालला. एका बाईंचं म्हणणं, गप्प राहणं हीच संमती. मार्टीचं म्हणणं, कुठल्याही कोर्टात हे टिकणार नाही. काकू तिघांना तीन बाजूंनी उत्तरं देत होत्या आणि दोनदा म्हणाल्या, "हे मला माहीत नाही, शोधायला हवं." इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये इस्राएलहून एक पार्सल आलं. पाठवणारे बेंजामिनमामा. आत टॉवेलात गुंडाळलेली एक वही होती आणि एक चिठ्ठी: ‘पेटी देताना ही मी मागे ठेवली होती. आत्याची आठवण म्हणून. वाचता येत नाही. बाबा दर शुक्रवारी तिच्यासमोर पुस्तिका मोठ्याने वाचायचे आणि ती मध्येच थांबवून चुका सांगायची, एवढं मला आठवतं. तुला राग येईल म्हणून त्या दिवशी बोललो नाही.’

काकूंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग वही उघडली. आत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोडी लिपी. आम्हा दोघींना एक अक्षर लागेना. एलननाही लागेना.

मी म्हटलं, पुण्यात मोडी वाचणारे जाणकार आहेत, त्यांना स्कॅन पाठवू. काकूंनी ऐकलं नाही. त्यांनी पुण्याचा एक ऑनलाइन मोडी वर्ग शोधला आणि पैसे भरले. आता आठवड्यातून तीन दिवस त्या सकाळी सात वाजता चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसतात. वर्गातली बाकीची मुलं त्यांना आजी म्हणतात. अक्षरं गिरवलेले कागद फ्रिजवर चिकटवलेत.

परवा पहिलं पान लागलं. त्यावर मजकूर नाही, बायकांची नावं आहेत, अकरा, आणि प्रत्येकीपुढे एक गाव. रेवदंडा, पोयनाड, नागाव. त्या लेयाबाईंकडे ऐकायला येणाऱ्या होत्या, की त्याही काही लिहीत होत्या, ते अजून कळलेलं नाही. काकूंच्या मते सातव्या नावापुढचं गाव चौल असावं. मला ते चाळमळा वाटतं. त्यावर आमचं कालपासून भांडण चालू आहे.